हरलेल्यांच्या बाई

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला जात विचारली नाही, लग्न कधी करणार हे विचारलं नाही, मटण शिजवतेस का हेही विचारलं नाही. हे सगळं त्या दिवशी परभणीतल्या दुसऱ्या घरांमधून विचारून झालं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. बाई फाटकाच्या आत उभ्या होत्या. साठीच्या आसपासचं वय, पदर कमरेला खोचलेला, पायात चप्पल नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या,

"दम किती हाय?"

मला वाटलं, आजाराचं विचारतायत. "दमा नाही मला," मी म्हणाले.

"दमा न्हाई गं, दम! एका श्वासात किती येळ कबड्डी म्हनशील? म्हन."

"इथं? रस्त्यावर?"

"मग कुठं, देवघरात?"

खांद्यावर बॅग घेऊन मी उभ्या उभ्या कबड्डी कबड्डी सुरू केलं. एक रिक्षावाला वेग कमी करून बघत गेला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण हातातला टॉवेल तसाच धरून थांबली. श्वास संपला तेव्हा माझे कान लाल झाले होते.

"लय कमी हाय," बाई म्हणाल्या. "पन लाजून थांबली न्हाईस. ये आत."

मी देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यातली. कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि घर सोडून एकटी राहायची ती पहिलीच वेळ. बाईंचं घर रस्त्याच्या तोंडाला, आणि त्याच्या मागं पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक ओळ. त्यातली मधली मला मिळाली. कडेच्या खोलीत एक नवराबायको राहायचे, तिसरीत बाईंचं अडगळीचं सामान: फाटक्या जाळ्या, शिट्ट्या, जुने बूट, आणि कुठल्याशा स्पर्धेतला गंजलेला कप, ज्यात त्या चुन्याची फक्की ठेवायच्या.

बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या गावातल्या एका क्रीडा मंडळाच्या मैदानावर जायच्या आणि पंधरावीस मुलींना कबड्डी शिकवायच्या. फुकट. तरुणपणी स्वतः खेळल्या होत्या. कुठवर, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "रेषेपर्यंत."

त्यांना सगळं जग कबड्डीच्या मैदानासारखंच दिसायचं. गच्चीवर पापड टाकायला जाताना जिना एका दमात चढायच्या, तोंडानं कबड्डी चालू. वर पोचायच्या आत श्वास तुटला तर खाली येऊन परत चढायच्या. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या रांगेत कोण कुठं उभा आहे यावर त्यांची बारीक नजर. एकदा दवाखान्यात एक चांगला पांढऱ्या कपड्यांतला माणूस रांग सोडून सरळ डॉक्टरच्या दाराकडे निघाला. बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी उठायचीसुद्धा तसदी घेतली नाही. वाकल्या आणि तो समोरून जाताना त्याचा घोटा पकडला.

"ओ बाई, सोडा! काय करायल्या?"

"तुमी बाद हाव. मागं जा."

तो पाय झटकायला लागला. बाईंची पकड सुटेना. सगळी ओपीडी बघत होती. शेवटी तो मागं गेला. बाई मला म्हणाल्या, "घोटा धरल्यावर मानसाची पदवी गळून पडतिया बग."

त्यांचे यजमान, काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शांत माणूस. कानाला यंत्र होतं आणि बाईंचा पारा चढला की ते यंत्र बंद करून पेपर वाचायचे. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही पण खेळायचात का?" ते म्हणाले, "मी लग्नापासून राखीव खेळाडू."

पण मला बाई आठवतात त्या अशा गमतीजमतींमुळे नाही. मला त्या आठवतात त्यांच्या संतापासाठी. इतका स्वच्छ संताप मी दुसऱ्या माणसात पाहिला नाही. आमचा तुमचा संताप आपल्या पोटापुरता असतो. बाईंना राग यायचा तो ज्यांना कधी भेटल्या नाहीत अशा माणसांसाठी.

ज्या वर्षी आशियाई स्पर्धेत आपलं कबड्डीचं सोनं गेलं, त्या वर्षाची गोष्ट.

तोवर आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की कबड्डीचं सोनं म्हणजे आपल्या घरचं. पुरुषांनी तर ते आधी एकदाही सोडलं नव्हतं. त्यामुळे गावात बाकीचे दिवस क्रिकेट बघणाऱ्या लोकांनाही अचानक कबड्डी आठवली. बाई जिथं शिकवायच्या त्या मंडळाच्या अध्यक्षांनी बाजारात मोठा पडदा लावला. हे अध्यक्ष म्हणजे कापडाचे व्यापारी, बोलायला गोड, प्रत्येक फोटोत मधोमध. पुरुषांचा उपांत्य सामना होता. पडद्यासमोर ही गर्दी, ढोलताशे तयार, गुलालाची पोती आणून ठेवलेली. आणि आपण इराणकडून हरलो. लोकांनी तोंडं पाडली, गुलाल परत गेला, आणि त्याच संध्याकाळी पडदाही उतरवला.

दुसऱ्या दिवशी बायकांचा अंतिम सामना होता. तोही इराणशीच. त्यासाठी पडदा ठेवावा असं कोणाच्या मनात आलं नाही. बाई सकाळी अध्यक्षांच्या दुकानात गेल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पडदेवाला दुसरीकडे बुक हाय. अन् काल लोकांचा मूड गेलाय, आज कोन येणार?"

बाई घरी आल्या त्या धुमसतच. "मूड!" त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाल्या. "पोरी तिकडं फायनल खेळायल्यात, अन् हेंचा मूड गेलाय!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. बाईंच्या पुढच्या खोलीत मैदानावरच्या मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यात पोखर्णीची सारिका सगळ्यांत पुढे. तिचे वडील शेतकरी, ते तिला मोटरसायकलवर सरावाला आणून सोडायचे. बाई मात्र बसल्या नाहीत. देशाचा सामना असला की त्या उभ्या राहूनच बघायच्या, अनवाणी, जरा वाकून, दोन्ही हात मोकळे. जणू टीव्हीतून कोणी अंगावर येणार आहे.

आणि बोलायच्या! बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, ही बाई इराणच्या बाजूची आहे. "कोपरा सोडला! कामून सोडला कोपरा? पाय बग तिचा, पाय! अगं ए, डोळे कुठं ठेवलेस?" आपल्या प्रत्येक मुलीला त्यांनी फाडून खाल्लं. काकांनी यंत्र कधीच बंद केलं होतं.

थोड्या गुणांनी हरलो. शेवटची शिट्टी झाली, इराणच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडायला लागल्या आणि आपल्या मुली मॅटवर नुसत्या उभ्या राहिल्या. सारिका हुंदके द्यायला लागली. ती रडतेय म्हणून बाकीच्याही. बाई आत गेल्या, चहा टाकला, सगळ्यांना दिला आणि एवढंच म्हणाल्या, "लय मेहनतीनं खेळल्या. समोरच्या जास्त चांगल्या खेळल्या. संपला विषय."

पण विषय बाहेर सुरू झाला होता. किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर, मोबाइलवर. पुरुष हरले तेव्हा लोकांना वाईट वाटलं होतं. बायका हरल्या तर लोकांना विनोद सुचायला लागले. जे अंतिम सामन्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांच्यासाठी हळहळ, आणि ज्या पोचल्या त्यांची टिंगल. हा हिशेब मला आजही कळलेला नाही. दुकानदार मला साखर तोलून देताना सहज म्हणाला, "बायांनी बी घालवलं की सोनं." बाई माझ्या मागंच उभ्या होत्या.

"तू बघितला सामना?"

"न्हाई बाई, गिऱ्हाईक होतं."

"कबड्डी खेळलास कधी?"

"लहानपनी. शाळेत."

"मग शाळा सुटल्यापासून मैदानात एकदा बी पाय न लावता तुझं काय गेलं रे? सोनं तुझ्या गल्ल्यातून गेलं का?"

त्यानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. बाईंनी साखर परत ठेवायला लावली. नंतर कित्येक महिने आम्ही दोन चौक लांबच्या दुकानातून सामान आणत होतो. मी कुरकुर केली तर म्हणायच्या, "चाल. दम वाढतो."

टीव्हीसमोर स्वतः एवढ्या बोलतात आणि दुसऱ्यानं एक शब्द काढला तर अंगावर जातात, हे काय, असं मी त्यांना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "मी त्यांना बोलते ते त्यांनी उद्या जिंकावं म्हनून. हे बोलतेत ते सोताला बरं वाटावं म्हनून. फरक हाय का न्हाई?"

त्यानंतर काही दिवसांनी मंडळाचा गुणगौरव समारंभ झाला. शाळांमधल्या मुलामुलींना बक्षिसं, पाहुण्यांना शाली. बाईंना मंचावर कडेची खुर्ची दिली होती. समोरच्या दोन रांगांत त्यांच्या कबड्डीच्या मुली, धुतलेल्या इस्त्रीच्या ड्रेसात. मी चौथ्या रांगेत होते. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. देश, संस्कार, मोबाइलचे तोटे, सगळं झालं. मग ते आशियाई स्पर्धेवर आले.

"पुरुषांचं आपन समजू शकतो," ते म्हणाले. "त्यांच्यावर दडपन होतं. पन बायकांनी सोनं घालवावं? अहो, आपल्या बायका सोनं कधी घालवतात का? कपाटात कुलूप लावून ठेवतात!"

सभागृह हसलं. मोठमोठ्यानं हसलं. बायका हसल्या, पाहुणे हसले. आणि पुढच्या रांगांतल्या मुलीही हसल्या. त्यांना कुठं कळत होतं आपण कोणाला हसतोय ते! मोठी माणसं हसली की मुलं हसतात. मी बाईंकडे पाहत होते. अध्यक्षांच्या बोलण्यानं त्यांचा चेहरा बदलला नाही. मुली हसल्या तेव्हा बदलला.

त्या उठल्या. चप्पल काढली. मंचावर समईभोवती रांगोळी होती, तिथं उरलेल्या रांगोळीची वाटी ठेवलेली. ती उचलली, आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेषा ओढली. अध्यक्ष रेषेच्या पलीकडे, बाई अलीकडे. पदर खोचला आणि हात मोकळे सोडून वाकून उभ्या राहिल्या.

"या अध्यक्षसाहेब," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण तीस वर्षं मैदानावर ओरडलेला आवाज तो. "एक चढाई करा. मला हात लावा अन् तुमच्या रेषेत परत जा. म्हातारी हाय मी. जमल तुमाला."

अध्यक्ष हसले. "बाई मजा करायल्यात!"

"मजा तुमी केली. मी न्हाई करायले. या."

कोणी हसलं नाही आता. सूत्रसंचालक घाईघाईनं म्हणाला की यानंतर समूहगीत होईल. गाणाऱ्या मुली पेटी घेऊन मंचाच्या पायऱ्यांशी आल्या आणि थबकल्या, कारण बाई मधोमध तशाच वाकून उभ्या. "या गं पोरींनो," बाई त्यांना म्हणाल्या, "गा तुमी. फक्त रेषा पुसू नका." मुली रेषेपाशी अंग चोरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कसंबसं गाणं म्हटलं. बाईंची नजर अध्यक्षांवरच. गाणं संपायच्या आत अध्यक्ष फोन कानाला लावून मागच्या दारानं निघून गेले.

मी टाळी वाजवली. एकटीनं. भरलेल्या सभागृहात एका माणसाच्या टाळीचा आवाज फार विचित्र येतो. माझ्या शेजारची बाई खुर्ची सरकवून जरा लांब झाली.

गावानं काय म्हणावं? बाईंचं डोकं फिरलं. निवृत्तीनंतर असं होतं बऱ्याच जणांचं. चांगल्या माणसाचा भर सभेत अपमान केला. बोललेल्या माणसाचं कोणी नाव घेतलं नाही. विनोद होता तो, विनोदाचं काय मनावर घ्यायचं! हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की कोणी नुसता विनोद हा शब्द उच्चारला तरी माझ्या हाताच्या मुठी वळायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. आत हिरवी कृत्रिम गवताची चादर अंथरली, चारी बाजूंनी जाळी, उंच दिवे. तासाच्या भाड्यावर क्रिकेट. मैदानाचा विकास, असा बोर्ड लागला, त्यावर अध्यक्षांचा फोटो, मधोमध. मुलींसाठी पर्यायी व्यवस्था करू, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. ती व्यवस्था कोणती, हे ना तेव्हा कळलं ना नंतर.

आणि मग जे झालं ते बाईंच्या मनाला जास्त लागलं. सारिकाचे वडील पोखर्णीहून आले. भांडायला नव्हते आले. फाटकात मोटरसायकल लावली, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तुमी बोललात ते चूक न्हाई. पन तुमी बोलून मोकळ्या झालात. माज्या पोरीनं आता कुठं खेळायचं?"

ते गेल्यावर बाई बराच वेळ फाटकाला धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी जिना चढताना त्यांचा आवाज आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी दार उघडलं तर माझ्या उंबऱ्यावर पांढरी फक्की पडलेली. ती रेघ माझ्या दारातून आत येऊ बघत होती. बाई एका हातात तो गंजका कप आणि दुसऱ्यात मोजायची टेप घेऊन उभ्या, आणि टेपचं दुसरं टोक धरून काका भिंतीपाशी.

"खोली कवा रिकामी करतीस?" बाई म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"तुज्या खोलीतून मधली रेषा जायलीय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या खोल्यांची सगळी ओळ पाडणार होत्या. तिथं मुलींसाठी मैदान करणार होत्या.

मी चिडले. अशी चिडले की माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बाई, त्या अध्यक्षांनी मुलींना मैदानातून हाकललं म्हणून तुम्ही गावभर संतापलात. आणि तुम्ही आम्हाला घरातून हाकलताय! तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

काकांनी कानाकडे हात नेला आणि परत खाली घेतला. यंत्र बंद केलं नाही. बाईंनी कप खाली ठेवला.

"हाव," त्या म्हणाल्या. "हाकलायले. तुजा राग रास्त हाय. पन तुला दुसरी खोली मिळेपर्यंत मी एक वीट काढणार न्हाई. तेवढा फरक धर."

आणि त्यांनी तो पाळला. कडेच्या खोलीतल्या नवराबायकोला स्वतःची आतली खोली दिली आणि आपण दोघं हॉलमध्ये झोपायला लागली. माझ्यासाठी त्या रोज संध्याकाळी घरं पालथी घालायच्या. मी सोबत असायचे, अजून फुगलेली. घरमालकांनी मला प्रश्न विचारायच्या आधी बाईच त्यांना विचारायच्या: पाणी किती वेळ येतं, रात्री उशीर झाला तर फाटक उघडणार का, पोरीला जात विचारणार का. दोन ठिकाणी आम्हाला बाहेरूनच निरोप मिळाला. तिसरीकडे एक म्हाताऱ्या आजी होत्या. बाईंनी त्यांनाही दम विचारला. आजी कबड्डी म्हणून दाखवायला लागल्या आणि मला हसू फुटलं. त्यांच्याकडेच मी राहायला गेले.

पुण्याहून बाईंच्या मुलाचा फोन आला होता. भाडं देणाऱ्या खोल्या पाडतात का कोणी, आईला आवरा, असं तो वडिलांना सांगत होता. काका म्हणाले, "बाळा, आवरायचं असतं तर बोहल्यावरच आवरलं असतं." आणि फोन ठेवला.

पत्रे उतरले, भिंती पडल्या. आणि बाई थेट माझ्या प्रयोगशाळेत. साहेबांसमोर मला म्हणाल्या, "तू मातीतलं शिकलेली ना? मग चल. हात रिकामे कामून?" मला परत राग आला. घरही माझंच पाडायचं आणि कामालाही मलाच जुंपायचं! पण गेले. आमच्याकडची काळी माती कापसाला चांगली, कबड्डीला नाही. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात पायाला गोळे होऊन चिकटते. ती उकरून काढायला लावली. खाली मुरूम, वर चाळलेली तांबूस माती, त्यात लाकडाचा भुसा. सारिकाच्या वडिलांनी ट्रॅक्टर आणला. माझ्या खोलीच्या विटांचा कडेनं बसायला कट्टा झाला. पहिल्या संध्याकाळी मुली अनवाणी आत उतरल्या तेव्हा मी त्या कट्ट्यावर बसले होते. माझा पलंग जिथं होता तिथं सारिकानं पहिली चढाई केली. माझा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पण तो आता कोणावर धरायचा हे मला नीट कळलं होतं.

त्यानंतरची आशियाई स्पर्धा आली ती पितृपक्षात, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत. तोवर माझं लग्न झालं होतं, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. बायकांचा अंतिम सामना सकाळी लवकर होता. मी स्कूटी काढली आणि बाईंकडे गेले. टीव्ही ओसरीवर आणून ठेवलेला. कट्ट्यावर नव्या मुली, ज्यांना मी ओळखत नव्हते. सारिका आता त्यांना शिकवायला यायची. बाई पुढे उभ्या, तशाच वाकून. गुडघे दुखायला लागले होते, पण बसल्या नाहीत. काका राखीव, खुर्चीत.

समोर चायनीज तैपेईच्या मुली होत्या. छोट्या चणीच्या, विजेसारख्या. सामना असा की माझ्या हातातला चहा थंड झाला तरी मी घोट घेतला नव्हता. बाईंनी आपल्या मुलींना नेहमीसारखं फाडून खाल्लं. आणि शेवटी एका गुणानं आपण जिंकलो. एका!

ओसरीवर एकच कल्ला. सारिका मला मिठी मारून उड्या मारायला लागली. बाहेर फटाके वाजले, आणि फटाक्यांच्या मागोमाग फाटक उघडून अध्यक्ष आत आले. केस जरा पांढरे झालेले, बाकी तेच. बरोबर फोटोवाला आणि दोनचार माणसं, हातात पेढ्यांचा मोठा डबा. मंडळाच्या ज्येष्ठ क्रीडाशिक्षिकेला पेढा भरवतानाचा फोटो त्यांना हवा होता. इतक्या वर्षांत या फाटकाच्या आत त्यांनी पाय ठेवला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, आता बाई यांचा घोटा धरणार.

"बाई, आपल्या पोरींनी सोनं परत आनलं!" अध्यक्ष म्हणाले. "तोंड गोड करा."

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या टीव्हीकडे बघत होत्या. पडद्यावर आपल्या मुली तिरंगा घेऊन धावत होत्या, पण बाईंची नजर तिथं नव्हती. मागं, मॅटवर, हरलेल्या मुली बसल्या होत्या. एकीनं गुडघ्यात तोंड घातलं होतं. दुसरी उताणी पडून डोळ्यांवर हात घेऊन.

"कोन्या गावच्या गं ह्या?" बाईंनी मला विचारलं.

"तैपेई. म्हणजे तैवान."

"एका गुनानं गेलं पोरींचं." बाईंचा आवाज चढायला लागला. "आता घरी गेल्यावर हेंना कोन काय काय बोलंल! पाय मैदानाला लागलेला नसंल, अन् बोलंल. तिथं बी आसंलच की एखादा, स्टेजवर उभं राहून दात काढनारा. लोकांना हसवनारा. बेशरम मेला! खबरदार कोनी पोरींना एक शब्द बोललं तर!"

एवढ्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या देशातल्या, कधी न भेटलेल्या माणसावर त्या ओरडत होत्या. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. अध्यक्षांचा पेढा धरलेला हात तसाच हवेत.

"घ्या ना बाई," ते हळू आवाजात म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आदी त्या पोरी उठू द्या."

उताणी पडलेली मुलगी उठायला वेळ लावत होती. तिच्या प्रशिक्षकांनी हात दिला तरी ती उठेना. बाई टीव्हीसमोर ताठ उभ्या राहिल्या. सारिका उभी राहिली, तिचं बघून कट्ट्यावरच्या मुली उभ्या राहिल्या, काकाही खुर्चीला धरून उठले. ती मुलगी उठून, डोळे पुसून रांगेत जाईपर्यंत सगळे उभे होते. आणि पेढ्यांचा डबा हातात धरून, जायची सोय नाही म्हणून, अध्यक्षही.